स्वयंपाकघरातील लाकडी साधने : निवड आणि निगा

लाकडाची एकही वस्तू नाही असे स्वयंपाकघर भारतात विरळाच आढळेल. महाराष्ट्रात पोळपाट, लाटणे व रवी. उत्तरेत चकला, बेलन व मथानी. तमिळनाडूत ताक घुसळण्याचा मत्तु. केरळात करवंटीला दांडा बसवून केलेली पळी, अशी ह्या साधनांची नावे व रूपे प्रांतोप्रांती बदलतात. आंध्र प्रदेशातील उदयगिरी येथील लाकडी चमच्यांच्या कारागिरीस भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तथापि ही साधने विकत घेताना व वापरताना लाकडाचा स्वभाव ध्यानात घेतला जात नाही. परिणामी पोळपाट तडकतो, लाटणे वाकते, पळीला बुरशी येते. आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

लाकूड हे असंख्य पोकळ पेशींचे बनलेले असते. त्या पोकळ्यांतील हवेमुळे लाकडातून उष्णता फार सावकाश वाहते. म्हणूनच उकळत्या आमटीत बुडालेल्या लाकडी पळीचा दांडा हाताला भाजत नाही. चिंच, कोकम वा ताक यांतील आम्लाशी लाकडाची धातूप्रमाणे रासायनिक क्रिया होत नाही. तसेच कल्हई केलेल्या पातेल्यावर लाकडी पळीचे ओरखडे पडत नाहीत.

लाकूड का तडकते ?

लाकूड हवेतील बाष्प शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की ते सोडून देते. पावसाळ्यात किनारपट्टीवरील हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्क्यांपर्यंत जाते. आर्द्रता ३० टक्क्यांवर उतरली, तर हेच प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर येते. पाणी कमी होताच लाकूड आक्रसते. परंतु सर्व दिशांनी सारखे नव्हे. लांबीच्या दिशेने आकुंचन जवळजवळ नसते. वाढीच्या वलयांना अनुसरून ते सर्वांत अधिक असते व केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे असते. ह्या असमानतेमुळे लाकडात ताण निर्माण होतो. वाळण्याची क्रिया सावकाश झाली, तर लाकूड तो ताण सोसते; ती एकाएकी झाली, तर ते तडकते. कोलकात्याहून जयपुरास नेलेला चांगला पोळपाट उन्हाळ्यात चिरतो, त्याचे कारण हेच होय.

निवड कशी करावी ?

शिसव, शिसम, बाभूळ, चिंच यांसारखे टणक व घट्ट कणांचे लाकूड ह्या कामी चांगले. आंब्याचे लाकूड स्वस्त असते, परंतु ते मऊ असल्याने लवकर झिजते. खोडाच्या बाहेरील फिकट भागास रसकाष्ठ व आतील गडद भागास मध्यकाष्ठ म्हणतात. रसकाष्ठात पिष्टमय पदार्थ असतात व त्यांवर कीड पोसते. म्हणून मध्यकाष्ठाची वस्तू निवडावी. वस्तूखाली बारीक भुसा पडलेला व अंगावर टाचणीएवढी छिद्रे दिसल्यास ती घेऊ नये.

पोळपाटाच्या कडेवर वलयांच्या रेषा पाहाव्यात. त्या उभ्या असतील, तर पोळपाट सपाट राहतो. कमानीसारख्या असतील, तर तो पुढे बाक धरण्याचा संभव असतो. लाटणे सपाट फरशीवर गडगडवून पाहावे. सरळ असल्यास ते न उडता जाते. पळीचे तंतू दांड्याच्या लांबीने गेलेले असावेत. आडवे गेले असल्यास ती मोडते. रंगविलेल्या वा चकचकीत व्हार्निश लावलेल्या वस्तूचा अन्नाशी संबंध येऊ देऊ नये, कारण झिजणारा लेप अन्नात मिसळतो. कोणत्याही झाडाची काठी कापून ढवळण्यास वापरणे धोक्याचे आहे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात, आणि बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड येतात.

निगा कशी राखावी ?

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील डीन क्लायव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, लाकडी फळीवर टाकलेले जंतू ओलाव्याबरोबर आत शोषले जातात व पृष्ठभागावर सहसा परत मिळत नाहीत. उलट सुरीच्या चिरा पडलेली प्लॅस्टिकची फळी स्वच्छ करणे कठीण जाते. ह्याचा अर्थ लाकूड धुण्याची गरज नाही, असा मात्र नव्हे. शोषून घेण्याचा हा गुण लाकूड कोरडे असताना असतो. सतत ओल्या राहणाऱ्या लाकडात बुरशी वाढते. पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांखाली असेल, तर लाकूड कुजत नाही.

म्हणून वापरानंतर साधन लगेच गरम पाण्याने व थोड्या साबणाने धुवावे, फडक्याने पुसावे आणि वारा खेळेल अशा सावलीत उभे ठेवावे. ते पाण्यात भिजत ठेवू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये व प्रखर उन्हात वाळवू नये. कच्चे मांस-मासे कापण्याची फळी निराळी राखावी.

महिन्या-दोन महिन्यांनी सुक्या साधनास तेलाचा पातळ हात द्यावा. शेंगदाण्याचे वा मोहरीचे तेल लाकडात सुकत नाही. ते चिकट होऊन त्यास खवट वास येतो. खोबरेल त्या मानाने अधिक टिकते. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते व चांगला थर देते; परंतु ते खाण्याचे शुद्ध तेल असावे. रंगाच्या दुकानातील उकळलेल्या जवस-तेलात बहुधा धातूंचे क्षार मिसळलेले असतात. शिवाय जवस-तेलाने भिजलेले फडके गोळा करून ठेवल्यास ते आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून वाळवावे वा पाण्यात बुडवून मग टाकावे.

खडबडीत झालेला पोळपाट काचकागदाने घासून पुन्हा उपयोगी आणता येतो. मात्र खोल चीर पडली, आतून भुसभुशीतपणा आला, किंवा धुऊन वाळविल्यावरही काळे डाग व कुबट वास राहिला, तर ते साधन अन्नापासून दूर करावे. कोरडेपणा, सावली व थोडे तेल यांचा नेम पाळला, तर साधे लाटणेही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाऊ शकते.