न उतरणारा ताप आणि हृदयाचा इको

कारंज्याच्या आमच्या थोरल्या भाऊजींना तीन आठवडे रोज सायंकाळी ताप भरत असे. गोळ्या घेतल्या की उतरे, संपल्या की परत येई. लग्नसराईचे दिवस, दुकान सोडून अकोल्यास कोण जाणार? लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या हृदयाची एक झडप अधू झाली होती, हे घरात सर्वांना ठाऊक होते. परंतु तिचा या तापाशी संबंध असेल, असे कोणाच्या मनातही आले नाही.

हिरड्या, दात किंवा त्वचेवाटे रक्तात शिरलेले जंतू अशा अधू अथवा कृत्रिम झडपेवर घर करतात. तेथे रक्ताच्या गुठळीसारखा, जंतूंनी भरलेला थर वाढतो. त्याचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होऊ शकतो. झडप कुरतडली गेली तर हृदयच थकते.

हा थर प्रत्यक्ष दाखवितो तो टू-डी इको. ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याचा आरंभ १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी केला. १९९४ च्या ड्यूक निकषांनी या रोगाच्या निदानात इकोला रक्ताच्या कल्चरच्या बरोबरीने बसविले.

भाऊजींचा पहिला इको स्वच्छ आला आणि आम्ही निर्धास्त झालो. एका दिवसाची रोकड जुळली म्हणून सारी खातेवही निर्दोष ठरत नाही, हे मी बँकेत जन्मभर इतरांना सांगत आलो होतो! छातीवरून केलेल्या इकोत दोन-तीन मिलिमीटरचा थर सहज निसटतो. संशय कायम असेल तर घशातून नळी घालून, अन्ननलिकेतून इको करतात. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, त्यामुळे फासळ्या व फुफ्फुसे आड येत नाहीत. आधी सहा तास उपाशी राहावे लागते. आपल्या घरांत त्याची धास्ती ती कोणाला? तोही स्वच्छ आला आणि संशय फिटला नाही, तर पाच-सात दिवसांनी पुन्हा करावा लागतो. भाऊजींचा थर नागपुरात, अन्ननलिकेतून केलेल्या इकोत दिसला.

त्या घरगुती अँटिबायोटिक गोळ्यांनी मात्र घात केला होता. त्यामुळे कल्चरमध्ये जंतू उगवलेच नाहीत, आणि नेमके औषध ठरविणे कठीण झाले. रक्ताचे नमुने, निदान तीन, पहिल्या गोळीपूर्वीच घ्यावयास हवे होते. पुढे सहा आठवडे शिरेतून औषध चालले.

एकदा हा संसर्ग झालेल्यास दाढ काढण्यापूर्वी अँटिबायोटिक द्यावे लागते. म्हणून भाऊजी आता झडपेची चिठ्ठी पाकिटात बाळगतात आणि दंतवैद्याकडे गेले की प्रथम तीच पुढे करतात.