कामावर माणूस गेला, तर घरच्यांचा हक्क



मळणीचे दिवस आले की गावोगाव यंत्रांची घरघर सुरू होते. या धांदलीतच कुठे पट्ट्यात हात सापडतो, कुठे ट्रॅक्टर उलटतो. फवारणीचं विषही जीव घेतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात त्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

मजूर गेला की पुढे काय होतं? तेराव्याच्या आत चार पंच बसतात. मालक काही हजार रुपये देतो आणि कागदावर विधवेचा अंगठा घेतला जातो. मंडळी, घर फसतं ते इथेच! मृत्यूची भरपाई परस्पर हातात द्यायची नसते. मालकाने ती सक्षम अधिकाऱ्याकडे भरायची आणि त्या अधिकाऱ्याने अवलंबितांना वाटून द्यायची, असा कायदा आहे. परस्पर दिलेल्या पैशांपैकी फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी उचल वळती होते. हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढे टिकत नाही. तेव्हा अंगठा दिला असला तरी खचू नका, अर्ज करा.

कायदा कोणता? १९२३ पासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली. ट्रॅक्टरची शेती, यंत्राने कापणी-मळणी आणि कीटकनाशकाची फवारणी ही कामं कायद्याच्या यादीत आहेत. सालगडी असो की रोजंदारीचा मजूर, हक्क आहेच.

"त्याचीच चूक होती" किंवा "तो प्यायलेला होता" असं मालक म्हणेल. मृत्यू झाला असेल तर या सबबी चालत नाहीत. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेला असावा, एवढंच पाहतात.

पैसे कोणाला? विधवा पत्नी, अज्ञान मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई यांना आधी. वडील, अज्ञान भाऊ, अविवाहित बहीण, विधवा सून हे त्याच्या कमाईवर अवलंबून असतील, तर त्यांनाही मागता येतं.

किती? महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचा. समजा, मजुरी महिना १२,००० रुपये आणि वय ४० वर्षं. चाळिशीचा आकडा १८४.१७. म्हणजे ६,००० गुणिले १८४.१७, बरोबर ११,०५,०२० रुपये. पंचांनी ठरवलेले काही हजार कुठे आणि हे कुठे! महिनाभरात पैसे भरले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं. विनाकारण टाळाटाळ केली तर दंड वेगळा.

काय करावं?
१. अपघाताची खबर लगेच पोलिसांत द्या. पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका.
२. मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, हजेरीची वही सांभाळा. वही नसेल तर सोबतच्या मजुरांची साक्ष घ्या.
३. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करा.
४. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

दम मात्र धरावा लागतो. २००३ साली मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार कामावर जाताना वाटेतच अपघातात गेला. मंजूर झालेली भरपाई उच्च न्यायालयात रद्द झाली. घरच्यांनी नाद सोडला नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली.

आणि मालक मंडळी, तुम्हालाही सांगणं आहे. एवढी रक्कम एकरकमी भरणं लहान शेतकऱ्याला झेपणारं नाही. हंगामाआधीच मजुरांचा विमा उतरवा, यंत्राच्या पट्ट्याला जाळी बसवा.

हे पत्रक घडी करून ठेवून देऊ नका. घरातल्या बायकांना आणि शेजारच्या सालगड्याला वाचून दाखवा.