सोळा ऑगस्टनंतरचा झेंडा

पंधरा ऑगस्ट म्हटलं की आपल्याकडे झेंडावंदनाच्या पाठोपाठ आठवते ती जिलेबी! सकाळपासून चौकाचौकात जिलेबीच्या कढया तापलेल्या आणि प्रत्येकाच्या हातात कागदाची पुडी. ही प्रथा कुणी पाडली कुणास ठाऊक, पण मोडायची कुणाची छाती नाही. आपलं देशप्रेम हे असं. ताटात वाढलेलं, मुलांच्या गणवेशाच्या कडक इस्त्रीत दिसणारं. (इस्त्री अर्थात आपलीच, मैत्रिणींनो!)

झेंडा मात्र घरात उशिरा आला. पूर्वी सामान्य माणसाला तो ठरावीक दिवशीच लावता येई. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि ही अट गेली. मान राखून झेंडा फडकवणं हा नागरिकाचा हक्कच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलं. मग ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा' आलं आणि आमची अख्खी कॉलनी तिरंगी झाली. खरंच, फार छान दिसत होतं.

पण तो ऑगस्ट होता. पावसानं आणि वाऱ्यानं आठवड्याभरात झेंड्यांच्या कडा उसवल्या. काही गच्चीवरून खाली पडले. जिना झाडणाऱ्या मावशींनी ते गोळा केले. अकरा भरले! एकानं वरूनच सांगितलं, "घंटागाडीत टाका." मावशी जागच्या हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ताई, माझा नातू शाळेत ह्यालाच सलाम ठोकतो. ह्याला मी कचऱ्यात घालू व्हय?"

बोलायची सोयच राहिली नाही. ध्वजसंहिता नेमकं हेच सांगते. फाटलेला, मळलेला झेंडा लावायचा नाही. खराब झालेला झेंडा खाजगीत, पूर्णपणे नष्ट करायचा. शक्यतो जाळून, नाहीतर मान राखणाऱ्या दुसऱ्या एखाद्या रीतीनं. मुलं हातात घेऊन फिरतात त्या कागदी झेंड्यांनाही हे लागू आहे, ते रस्त्यावर टाकून यायचं नाही. आणि भरतकामाची हौस असणाऱ्यांसाठी: रुमाल, उशीचा अभ्रा, नॅपकिन यांवर झेंडा काढायला मनाई आहे. मावशींनी यातलं एक अक्षर वाचलेलं नव्हतं.

आम्ही दोघींनी झेंडे धुऊन वाळवले. आठ धड निघाले, ते ज्याचे त्याला दिले. तीन पार चिंध्या झालेले. पॉलिस्टर जाळलं की काळा धूर होतो, म्हणून स्वच्छ कापडात गुंडाळून कडुनिंबाखाली पुरले. पर्यावरणवाले नाक मुरडतील, मुरडू देत.

पॉलिस्टरचंही एक दुखणं आहेच. डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली. झेंडे स्वस्त झाले म्हणून घरोघरी पोचले, हे कबूल. पण आपल्या नांदेडला आणि तिकडं हुबळीजवळच्या बेंगेरीला खादीचे झेंडे बनतात. बेंगेरीला तर कामाला बहुतेक बायकाच आहेत. त्या चोवीस आऱ्यांचं चक्र कापडाच्या दोन्ही बाजूंनी नेमकं जुळवतात. माप जराही चुकून चालत नाही. २०२२ मध्ये या निर्णयाविरुद्ध तिथून आवाज उठला. पोटाचा प्रश्न होता! मला विचाराल तर दरवर्षी एक स्वस्त झेंडा घेण्यापेक्षा एकदाच खादीचा घ्यावा आणि जपावा. पैठणी नाही का आपण जपत?

तो ठेवायचीही रीत आहे. झेंडा आडवा धरायचा. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा. मग दोन्ही बाजू अशा आत घ्यायच्या, की वर चक्र दिसेल आणि केशरी-हिरव्याची थोडी कड. आणि दोन्ही तळहातांवर घेऊन कपाटात ठेवायचा. माझ्याकडे तो वरच्या कप्प्यात असतो. पावसाळ्यात कसर लागू नये म्हणून शेजारी कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवते.