कोड म्हणतो ‘सेन्सर’, पण दोष असतो वायरमध्ये: ट्रेलरच्या एबीएसची गोष्ट

या भागात आकडे बरेच आहेत, आणि गाडीखाली आडवं पडलेल्या माणसाला ऑडिओ मागेपुढे करायला हात मोकळा नसतो. म्हणून हा लिखित भाग जरा सविस्तर.

प्रश्न नेहमीचाच आहे. ट्रेलरचा एबीएस दिवा पेटतो. स्कॅनर सांगतो, डाव्या चाकाचा सेन्सर. नवा सेन्सर बसतो, पैसे जातात आणि चार दिवसांनी दिवा परत हजर. मग कोणीतरी म्हणतं, ‘सोड ना, ब्रेक तर लागतोय!’

ब्रेक लागतो, हे खरंच आहे. हवेचा ब्रेक एबीएसशिवाय चालतो. पण सेन्सर दिसेनासा झाला की सिस्टिम त्या चाकापुरतं, किंवा बनावटीनुसार सगळंच एबीएस बाजूला ठेवते. आता पावसाळ्यात खंडाळ्याच्या उतारावर रिकामा ट्रेलर डोळ्यांसमोर आणा. वजन नसल्यामुळे मागची चाकं पटकन जाम होतात, आणि जाम झालेलं चाक सरळ रेषेत राहायला बांधील नसतं. ट्रेलरचा मागचा भाग शेजारच्या लेनमध्ये येतो, आणि तिथे दुसऱ्याच कोणाची तरी गाडी असते.

आता आतला मामला. चाकाच्या हबवर दात असलेली एक रिंग असते, जड गाड्यांवर साधारण १०० दातांची. तिच्यासमोर सेन्सर, म्हणजे एक चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची कॉइल. दात समोरून गेला की कॉइलमध्ये थोडा व्होल्टेज तयार होतो. बाहेरून सप्लाय लागत नाही, सायकलच्या डायनॅमोसारखं. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. टायरचा घेर सव्वातीन मीटर धरला तर सेकंदाला तीन फेऱ्या, म्हणजे तीनशेच्या आसपास पल्स. ईसीयू हे मोजून वेग काढतो.

इथेच खरी गोम आहे. ईसीयूला सेन्सर दिसतच नाही. त्याला दिसतात फक्त दोन वायरींची टोकं. सेन्सर, त्याची छोटी शेपटी, कनेक्टर, मग चॅसिसवरून गेलेली लांब केबल, यात कुठेही गडबड झाली तरी कोड एकच: ‘सेन्सर’. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोजचं आहे. एरर जिथे दिसतो तिथेच बग असतो असं थोडंच आहे!

मीटर काढायच्या आधी दिव्याकडे बघा. गाडी उभी असताना चावी फिरवल्यावर दिवा थोडा वेळ लागून विझायला हवा. विझलाच नाही, तर वायर तुटलेली किंवा शॉर्ट असण्याची शक्यता जास्त, कारण उभ्या गाडीतही ईसीयू सर्किट तपासतो. विझला, पण गाडी हलल्यावर परत पेटला, तर सर्किट जोडलेलं आहे पण सिग्नल कमी पडतोय. मग सेन्सर आणि रिंगमधलं अंतर, रिंगचे दात, हबच्या बेअरिंगचा प्ले, किंवा फक्त हादऱ्यांत सुटणारी वायर, यांच्यावर संशय. ट्रेलरला सप्लाय नीट पोचतोय का तेही एकदा बघून घ्या. कमी व्होल्टेजवर ईसीयू काहीही बोलतो.

आता मीटर. सप्लाय बंद करा, ईसीयूजवळचा सेन्सरचा प्लग काढा आणि केबलच्या बाजूने दोन पिनांमध्ये ओहम मोजा. प्लग जोडलेला असताना मोजू नका, आकडा फसवा येतो. बहुतेक ट्रेलर सेन्सर ९०० ते २००० ओहममध्ये दिसतात. तुमच्या सिस्टिमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ असेल तर शॉर्ट.

तुटलंय, पण कुठे? अर्धं अर्धं करत जा, अगदी बायनरी सर्च. ॲक्सलजवळचा मधला कनेक्टर उघडा आणि सेन्सरच्या बाजूने मोजा. तिथे १२०० ओहम आले तर सेन्सर ठणठणीत आहे, दोष लांब केबलमध्ये. नव्या सेन्सरचे पैसे इथेच वाचतात.

पुढची टेस्ट बरेच जण गाळतात. प्रत्येक पिन आणि चॅसिस यांच्यात मोजा. तिथे काहीच जोडणी दिसायला नको. केबल घासून एक वायर चॅसिसला टेकली असेल तरी दोन पिनांमधला आकडा बरोबरच येऊ शकतो, आणि सगळे म्हणतात ‘वायर ओके आहे’. मग मीटर लावलेला ठेवूनच केबल हलवा, विशेषतः ॲक्सल आणि चॅसिसमधल्या भागात, कारण सस्पेन्शनबरोबर तोच भाग दिवसभर वाकतो. आकडा नाचला की जागा सापडली.

ओहम बरोबर, तरी तक्रार? मग चाक उचला. बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, ॲक्सल घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. पार्किंग ब्रेक सुटायला हवेचं प्रेशर लागेल. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक दोन सेकंदांत एक फेरी या वेगाने फिरवा. किमान ०.२ व्होल्ट यायला हवेत. कमी आले तर सेन्सर रिंगला टेकेपर्यंत हाताने आत दाबा. हातोडा नको! स्प्रिंगच्या पकडीमुळे तो तिथे राहतो आणि चाक फिरलं की लागेल तेवढं अंतर आपोआप पडतं.

तरी शंका राहिली तर ईसीयूवरचे डावे-उजवे प्लग तात्पुरते बदला. कोड उजवीकडे गेला तर दोष केबल-सेन्सरच्या बाजूला. डावीकडेच राहिला तर ईसीयूकडे बघा. नंतर प्लग आठवणीने जागेवर लावा.

दुरुस्तीबद्दल माझं मत जरा कडक आहे. वायरला पीळ देऊन काळी टेप मारणं ही दुरुस्ती नाही. आत पाणी जातं, तांबं हिरवं पडतं आणि एका पावसात खेळ संपतो. मोजताना इन्सुलेशनमध्ये सुई टोचणंही तसंच, पाण्याला दार उघडून दिल्यासारखं. शक्यतो अख्खी केबल बदला. जोडायचीच असेल तर नीट क्रिंप करून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरा. आणि मध्ये साधी वायर घालू नका. मूळ केबलमधल्या दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात ते बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट कापायला.

केबल ब्रेकच्या होजबरोबर बांधताना टाय आवळून टाकू नका. प्रेशर आलं की होज थोडा फुगतो आणि टाय केबलमध्ये रुततो. सैल लोंबतीही नको, टायर खाईल.

एक शेवटचं. दुरुस्तीनंतर उभ्या गाडीत दिवा विझला नाही तर लगेच सगळं परत उघडू नका. बऱ्याच सिस्टिम चाकांकडून खरा सिग्नल आल्याशिवाय सेन्सरवर विश्वास ठेवत नाहीत. आवारातच गाडी थोडी चालवा, आणि मग दिव्याकडे बघा.