12 + 7 = 127? पायथनच्या कॅल्क्युलेटरमधली चूक अशी शोधा

पायथन शिकायला घेतलं की सुरुवातीच्या काळात अनेकजण साधा कॅल्क्युलेटर बनवून बघतात. लॅपटॉप नसला तरी अडत नाही. पायड्रॉइड 3 सारखं अॅप अँड्रॉइड फोनवर टाकलं की इंटरनेट नसतानाही पायथन चालतं. पण प्रोग्रॅम पहिल्याच झटक्यात बरोबर चालला, असं क्वचितच होतं. चूक शोधून दुरुस्त करण्याच्या या कामाला 'डिबगिंग' म्हणतात.

आपण एक खरं वाटेल असं उदाहरण घेऊ. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात इटियाडोह धरण आहे. त्याच्या कालव्यांवर धानाची शेती होते. समजा, तिथल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला घरच्या धानाचा हिशोब करणारा कॅल्क्युलेटर बनवायचा आहे. इथे उत्तर चुकलं तर थेट पैशाचा हिशोब चुकतो.

चूक 1: बेरीज होत नाही, आकडे चिकटतात

सकाळी 12 पोती भरली, संध्याकाळी 7. प्रोग्रॅम असा:

सकाळ = इनपुट()
संध्याकाळ = इनपुट()
प्रिंट(सकाळ + संध्याकाळ)

(इनपुट, प्रिंट हे शब्द फोनमध्ये इंग्रजी लहान अक्षरांतच टाईप करायचे. सकाळ, संध्याकाळ ही नावं मात्र मराठीत दिली तरी पायथन 3 ला चालतात.)

उत्तर यायला हवं 19, येतं 127! कारण इनपुटमधून आलेली प्रत्येक गोष्ट पायथन अक्षरं म्हणून धरतं, म्हणजे 'स्ट्रिंग'. दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या एकापुढे एक जोडल्या जातात. गंमत म्हणजे इथे वजाबाकी केली असती तर पायथनने लगेच 'टाईप एरर' दाखवली असती. बेरीज मात्र गुपचूप चुकीचं उत्तर देते.

उपाय सोपा आहे. इनपुटला इंट() मध्ये गुंडाळा: सकाळ = इंट(इनपुट()). दुसऱ्या ओळीतही तसंच करा. वजन 40.6 असं दशांशात येणार असेल तर इंट नको, फ्लोट वापरा. इंटला 40.6 टाईप करून दिलं तर 'व्हॅल्यू एरर' येते. 1,200 असा स्वल्पविराम टाकला तर दोघांनाही चालत नाही.

चूक 2: कंस विसरला

भरलेलं पोतं 40.6 किलो, रिकामा बारदाना 0.6 किलो. म्हणजे एका पोत्यात धान 40 किलो. 10 पोत्यांचे 400 किलो, म्हणजे 4 क्विंटल. पण प्रोग्रॅममध्ये असं लिहिलं:

40.6 - 0.6 * 10

तर उत्तर येतं 34.6! कारण शाळेतल्या नियमाप्रमाणे पायथनही गुणाकार आधी करतं. बरोबर ओळ अशी:

(40.6 - 0.6) * 10

आता महत्त्वाचं. हाच चुकीचा प्रोग्रॅम 1 पोतं टाकून तपासला तर उत्तर बरोबर 40 येतं! म्हणून एकाच आकड्यावर 'चाललं बुवा' म्हणू नका. 1, 10, 0 आणि दशांश, असे वेगवेगळे आकडे टाकून बघा. आणि उत्तर आधी वहीत काढून ठेवा, नाहीतर प्रोग्रॅम चुकतोय हे कळणार कसं?

चूक 3: शून्याने भागाकार

एका पोत्याची सरासरी काढताना कोणी पोत्यांच्या जागी 0 टाकला, तर प्रोग्रॅम 'झिरो डिव्हिजन एरर' दाखवून बंद पडतो. भागाकाराआधी इफ लावा आणि संख्या 0 असेल तर 'पोत्यांची संख्या तपासा' असा संदेश द्या.

फोनवर हमखास होणाऱ्या चुका

- पहिलं अक्षर मोठं होणं: कीबोर्ड आपोआप पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि पायथन म्हणतं, 'नेम एरर'. ऑटो कॅपिटल बंद करा.
- वाकडी अवतरणचिन्हं: चॅटमधून कोड कॉपी केला की कधी कधी सरळ चिन्हांच्या जागी वाकडी येतात. मग 'सिंटॅक्स एरर'. ती पुसून स्वतः टाईप करा.
- मराठी आकडे: कोणी १२ असं मराठीत टाईप केलं तरी इंट() ते 12 असंच समजतं. पण मेनूमध्ये पर्याय तपासताना इंट न लावता थेट "1" शी तुलना केली असेल, तर १ आणि 1 पायथनसाठी वेगळे. पर्यायालाही आधी इंट लावा, प्रश्न मिटला.

चूक सापडतच नसेल तर?

1. एररचा लाल मजकूर बघून घाबरू नका. शेवटची ओळ आधी वाचा, तिथे चुकीचा प्रकार असतो. त्याच्या वर ओळ क्रमांक असतो.
2. एरर नाही पण उत्तर चुकतंय? मधल्या प्रत्येक पायरीनंतर प्रिंट टाका. शंका असेल तिथे प्रिंट(टाईप(सकाळ)) करून ती संख्या आहे की स्ट्रिंग, ते बघा.
3. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा चालवा. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आणि 0.1 + 0.2 केल्यावर 0.30000000000000004 आलं, तर ती तुमची चूक नाही. संगणक आकडे दोनच अंकांत (0 आणि 1) साठवतो, त्यात 0.1 अगदी तंतोतंत बसत नाही. दाखवताना राउंड() वापरा.

चुका सगळ्यांच्याच होतात. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क 2 संगणकात चक्क एक पतंग अडकलेला सापडला होता आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. तुम्हीही एक वही ठेवा: कोणती एरर आली, कशामुळे आली, कशी गेली. पुढच्या वेळी तीच एरर आली की तास नाही, दोन मिनिटं लागतील.