दोन गुडघे आणि एकशे दहा मिनिटं

आपल्याकडे जपानी बॅडमिंटनपटू नोझोमी ओकुहाराचं नाव निघतं ते सिंधूच्या हिशेबवहीत. रिओत सिंधूने तिला हरवलं, ग्लासगोत तिने सिंधूला, बासेलला पुन्हा सिंधूने तिला. आपल्या क्रीडा पानांवर ती कायम जाळीच्या पलीकडची. तिची कारकीर्द तिच्या बाजूने पाहायची, तर सुरुवात पदकांपासून न करता तिच्या गुडघ्यांपासून करावी लागते.

13 मार्च 1995 चा जन्म. गाव नागानो प्रांतातलं ओमाची, जपानच्या उत्तर आल्प्सच्या पायथ्याचं. 2011 मध्ये, सोळाव्या वर्षी, तिने जपानची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. महिला एकेरीत इतक्या लहान वयात ते कुणालाच जमलं नव्हतं. पुढच्या वर्षी चिबात अकाने यामागुचीला हरवून ती ज्युनियर जगज्जेती झाली. शाळा संपताच 2013 मध्ये तिला निहोन युनिसिस या संगणकक्षेत्रातल्या कंपनीने आपल्या संघात घेतलं.

जपानचं बॅडमिंटन बराच काळ या कंपन्यांच्या जिवावर उभं आहे. खेळाडू कंपनीचा नोकर, पगार कंपनीचा, सरावाचा हॉल आणि प्रशिक्षकही कंपनीचेच. आपल्याकडे रेल्वे, बँका आणि महिंद्राने कबड्डीपटूंना नोकऱ्या देऊन जगवलं, त्याच जातीची ही व्यवस्था. तिच्यात सुरक्षितता आहे, पण खेळाडू आधी कंपनीचा आणि मग देशाचा होतो. 2004 मध्ये कोरियाचे पार्क जू-बोंग राष्ट्रीय प्रशिक्षक झाले आणि देशाच्या संघाचा एकत्र, शिस्तीचा सराव हळूहळू रुळला. ओकुहारा त्या घडणीत वाढलेल्या पिढीतली.

आणि नेमकं नोकरी लागण्याच्या वर्षीच गुडघ्याने दगा दिला. जानेवारी 2013 मध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यातून सावरून ती उभी राहते तोच एप्रिल 2014 मध्ये उजव्यावर. दोन्ही वेळा दुखणं कूर्चेच्या गादीचं, डॉक्टर जिला मेनिस्कस म्हणतात.

तिच्या खेळात गुडघ्याला किती किंमत आहे हे कळायला तिची उंची लक्षात घ्यावी लागते. ती जेमतेम पाच फूट एक इंच. सिंधू पाच फूट दहा. सिंधू ज्या फुलापर्यंत एका ढांगेत पोचते तिथे ओकुहाराला जादा पाऊल टाकावं लागतं. उंचावरून उतरणारा जीवघेणा स्मॅश तिच्याकडे नाही. मग तिने काय करायचं? टॉस मागच्या रेषेपर्यंत खोल टाकायचा, समोरचीने मारलेलं प्रत्येक फूल उचलायचं, आणि तिला आणखी एक फटका मारायला लावायचा. त्यासाठी दरवेळी लंज: पुढच्या पायाची टाच आपटते, वाकलेल्या गुडघ्यावर सगळा भार येतो आणि त्याच गुडघ्याने शरीर मागे, कोर्टाच्या मध्यावर ढकलायचं. एका लांब रॅलीत हे कितीदा तरी. म्हणजे तिचं हत्यार आणि तिचं दुखणं एकाच सांध्यात. याला नुसता बचाव म्हणणाऱ्यांनी एकदा तसं खेळून बघावं.

एवढं होऊनही 2015 मध्ये ती जपान ओपन आणि वर्षअखेरीची दुबईतली सुपर सीरीज फायनल्स जिंकली. 2016 मध्ये ऑल इंग्लंडच्या अंतिम फेरीत तिने चीनच्या वांग शिशियानला नमवलं. 1977 च्या हिरोए युकीनंतर, तब्बल 39 वर्षांनी, जपानी मुलीने ही एकेरी जिंकली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत सिंधूने तिला 21-19, 21-10 असं उडवलं. कांस्यपदकाचा सामना झालाच नाही, कारण समोरच्या ली शुएरुईचा गुडघा उपांत्य सामन्यात दुखावला होता. बॅडमिंटन एकेरीत जपानला मिळालेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. ते असं, दुसरीच्या गुडघ्यापायी हाती आलं.

मग ग्लासगोची जागतिक स्पर्धा, 27 ऑगस्ट 2017, अंतिम फेरीत समोर सिंधू. आदल्या फेरीत सायनाविरुद्ध पहिला गेम 21-12 ने गमावून तिने उरलेले दोन खेचले होते आणि भारतीयांची आपसातली फायनल हुकवली होती. कोर्टवर पाऊल टाकण्याआधी ती कडेला थांबते, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटते आणि कोर्टाला वाकून अभिवादन करते. त्या दिवसाचा सामना एक तास पन्नास मिनिटं चालला: 21-19, 20-22, 22-20. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण 73 फटक्यांच्या रॅलीतून निघाला, आणि तो गेला सिंधूकडे. चिवट खेळाडूची मुख्य ताकदच लांब रॅली; ती हरल्यावर तिसरा गेम हातचा जाणार असंच कुणालाही वाटलं असतं. शस्त्रक्रिया झालेल्या दोन गुडघ्यांवर तिने तो काढला. महिला एकेरीतली ती जपानची पहिली जगज्जेती.

2019 मध्ये बासेलच्या जागतिक स्पर्धेतला पराभव मात्र कसलीही सबब न ठेवणारा होता. 21-7, 21-7, अवघी 38 मिनिटं. सिंधू त्या दिवशी इतक्या वेगाने खेळली की रॅली लांबवायला ओकुहाराला जागाच मिळाली नाही. गंमत अशी, की त्यानंतर दोनच महिन्यांनी ती जागतिक क्रमवारीत अव्वल झाली. त्या मोसमात ती एकामागून एक अंतिम फेऱ्या गाठत होती आणि हरत होती. क्रमवारी सातत्याला गुण देते, त्याचा हा अस्सल नमुना.

तिचा सर्वांत धाडसी निर्णय याच मोसमाच्या तोंडावरचा. 2018 संपताना तिने कंपनीची नोकरी सोडली आणि 2019 पासून स्वतंत्र व्यावसायिक खेळाडू झाली. प्रायोजक म्हणून ताइयो होल्डिंग्ज पाठीशी आली. दोनदा गुडघा कापलेल्या माणसाने कायमचा पगार सोडणं याला जपानात छाती लागते. 2020 मध्ये कॅरोलिना मारिनला हरवून तिने डेन्मार्क ओपन जिंकली, 2021 मध्ये दुसऱ्यांदा ऑल इंग्लंड. मग टोकियो: घरचं ऑलिंपिक, प्रेक्षकांविना रिकाम्या खुर्च्या, आणि उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या हे बिंगजियाओकडून तीन गेममध्ये पराभव. पुढची वर्षं पुन्हा दुखापतींची. पॅरिसला जपानकडून एकेरीत यामागुची आणि आया ओहोरी गेल्या.

त्या दुखापतींच्या वर्षांतही तिने रॅकेट ठेवली नाही. 2022 च्या डिसेंबरात ती पुन्हा राष्ट्रीय विजेती झाली, आणि 2023 मध्ये लखनौची सय्यद मोदी स्पर्धा तिने जिंकली. दर्जाने ही स्पर्धा ऑल इंग्लंडच्या बरीच खालची. ग्लासगोच्या सुवर्णपदकाखालोखाल मी मात्र याच विजेतेपदाला मोजतो.