मुकुटाखालची तीन अक्षरे

पन्हाळ्याला विलायती हत्यारांची ओळख जुनी आहे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन आला आणि त्याने त्या गडावर डागल्या. पुढच्याच साली महाराजांनी राजापूरवर छापा घालून त्या आगाऊपणाचा जाब विचारला. अशा गडावर एखाद्या जुन्या घरात विलायती पिस्तूल निघाले, तर त्यामागे मोठा इतिहास असणार असे कुणालाही वाटेल.

मला जुन्या हत्यारांवरचे ठसे वाचण्याचा नाद आहे. गडावरच्या एका वृद्ध गृहस्थांचा निरोप आला, तशी मी एस.टी. धरली. चहा झाल्यावर त्यांनी पितळी डबा उघडला. तेलकट फडक्यात एक रिव्हॉल्व्हर होते. घोडा गंजून बसलेला, चक्री जागची हलेना.

"पावणं, चव्वेचाळीसच्या बंडात आमच्या खापरपणज्यानं ओव्हन सायबाच्या कमरंचं हिसकावलंय हे," म्हातारबाबा म्हणाले. "अमेरिकन हाय. नाव बी हाय बघा त्येच्यावर."

मुलाने तर संग्रहालयाला देण्यासाठी चिठ्ठीही लिहून ठेवली होती : '१८४४च्या बंडातील शस्त्र'.

बंड खरे होते. कोल्हापूर संस्थानातल्या नव्या कारभाराने गडकऱ्यांच्या पिढीजात हक्कांवर गदा आली, आणि १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा पेटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स बंडवाल्यांच्या हाती लागला; त्याला पन्हाळ्यावरच कोंडले होते. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने तटाला खिंडार पाडून गड घेतला. गडाचा चार दरवाजा गेला तो तेव्हाच.

पण हे पिस्तूल त्या बंडातले असेल काय? मी भिंग काढले.

पहिली गोष्ट सालाची. सॅम्युएल कोल्टने रिव्हॉल्व्हरचे पेटंट १८३६ साली घेतले खरे, पण त्याचा पहिला कारखाना १८४२ सालीच बसला. इंग्लंडात हे हत्यार लोकांच्या नजरेत भरले ते १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात. म्हणजे ओव्हन्स कैदेत पडल्यानंतर सात वर्षांनी!

दुसरी गोष्ट घडणीची. या रिव्हॉल्व्हरची नळी बिजागरीवर खाली झुकणारी होती. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने अशा घडणीचे मोठे रिव्हॉल्व्हर १८७० साली बाजारात आणले. त्याचा बोलबाला झाला आणि बेल्जियम व स्पेनमधल्या कारागिरांनी नकलांचा सपाटा लावला. त्यांची एक मखलाशी मोठी गमतीची आहे. नळीवर 'स्मिथ अँड वेसन' ठळक अक्षरांत, आणि शेजारी नखाएवढ्या अक्षरांत 'यांच्या काडतुसांसाठी'! गिऱ्हाईक मोठी अक्षरे वाचून पैसे मोजी. इथेही तेच होते. गंजाखाली बारीक अक्षरे दबली होती, एवढेच.

तिसरी गोष्ट निर्णायक. चक्रीच्या मागच्या बाजूला अंड्याच्या आकाराचा ठसा होता. त्यात रोमन लिपीतली ई, एल, जी ही तीन अक्षरे, आणि वर मुकुट. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या बंदूक-परीक्षागृहाची ही खूण. तिथे प्रत्येक हत्यारात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढीत. ते फुटले नाही तरच ठसा मिळे. या ठशावर मुकुट आला तो १८९३ पासून. त्याआधी नुसती अक्षरे असत.

म्हातारबाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आमचा खापरपणजा खोटा?"

"आजोबा, माणूस खोटा कशाने होईल? पिस्तूल मागाहून घरात आले, इतकेच," मी म्हणालो. "ते गडकरी होते हे लोखंड नाही, कागद सांगेल."

त्यांनी मुलाकडे पाहिले. मुलाने माळ्यावरून मोडी कागदांचे एक दप्तर खाली काढले. त्याची गाठ कित्येक वर्षांत कुणी सोडली नव्हती. ते कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातल्या जाणकारांना दाखवायचे ठरले. जुनी चिठ्ठी फाडून मुलाने नवी लिहिली : 'अमेरिकन नमुन्याची नक्कल. लिएज, बेल्जियम. १८९३ नंतर.' म्हातारबाबांनी ती दोनदा वाचून घेतली आणि मान डोलावली.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असे काही निघाले, तर चाप ओढून पाहू नका. आत काडतूस असू शकते. पॉलिश पेपरने घासूही नका, कारण गंजाबरोबर ठसाही जातो. १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. जुन्या घडणीचे आणि दुरुस्त करूनही उडणार नाही असे हत्यार त्यातून वगळले आहे, पण ते तसे आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नाही. पोलीस ठाण्यावर लेखी कळवावे. मग खुशाल भिंग घेऊन बसावे. घराण्याचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त तो दुसऱ्याच्या ठशावर उभा नसावा.